सोनेरी गवताची डबी

दीपमालानं दारातच सॅक उलटी केली. वह्या, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, घरी धुवायला न्यायच्या कपड्यांचं बोचकं, जीवशास्त्राचं जाडजूड पुस्तक, दात तुटलेला कंगवा, सगळं माझ्या पायाशी पायपुसण्यावर पडलं. मग तिनं सॅकचं अस्तर ओढून बाहेर काढलं, ओढणी दोन्ही हातांनी पसरून झटकली आणि म्हणाली, "बघून घ्या दादी. निघते मी." शनिवारची दुपार होती. तिला अहमदपूरची एसटी गाठायची होती. माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत येऊन तिला दहाच दिवस झाले होते, आणि क्लासला लागल्यापासून ती पहिल्यांदा घरी निघाली होती. मी म्हटलं, "अगं, हे काय? कुणी सांगितलं हे करायला?" ती हसली. "कुणी न्हाई. आमच्यात आसंच हाय. दुसऱ्याच्या घरातून निघताना झटकून दाखवायचं. आज्जीनं शिकवलंय." कुठली आजी, बापाची आई का, असं मी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. "न्हाई, आईची आई. किल्लारीकडची. पंचफुला." एवढं सांगून ती खाली बसली आणि सगळं परत भरू लागली. पुस्तक आत, बोचकं त्यावर, कंगवा कडेच्या कप्प्यात. फाटक वाजलं. आतून माझी सून लुबना म्हणाली, "सच्ची छोरी हुई तो थैला कायकू दिखाती, अम्मी? जरा नजर रखना उसपे." मी चपला ठेवायच्या लाकडी घोडीवर बसले, ती माझ्या वजनानं करकरली, आणि मला आठवलं की ही घोडी तेव्हाही याच भिंतीला होती.

पंचफुला हे नाव आमच्याकडे काही एकीचंच नसतं. पण नाव आणि ते झटकणं एकत्र आलं, की मग माणूस एकच उरतं. तीस वर्षांपूर्वी हे घर एकमजली होतं. पुढं अंगण, अंगणात लिंब, लिंबाखाली धुण्याचा दगड. आता माझ्या मुलानं, नबीलनं, वर दोन मजले चढवलेत. प्रत्येक खोलीत तीन लोखंडी खाटा, तीन टेबलं, भिंतीवर रसायनाचे तक्ते. गल्लीच्या तोंडाला डॉक्टरकीच्या परीक्षेत चमकलेल्या मुलांच्या चेहऱ्यांचे फलक एकावर एक लागतात, खालचे चेहरे वरच्यांच्या कडांतून एका डोळ्यानं बघत राहतात. सगळ्या जिल्ह्यांतून मुली येतात, सकाळी सहाला केसांना पाणी लावून क्लासला पळतात. लिंब तोडला. तिथं आता मुलींच्या स्कूटी उभ्या असतात. मला वाटायचं, बरं झालं. जागाच राहिली नाही, तर जागेवर काय घडलं होतं तेही राहणार नाही. म्हातारपणी माणूस अशा गोष्टींवर भरवसा ठेवतो.

मी मूळची नांदेडची. इतवाऱ्यात आमचं घर आणि घरातच अब्बांचं लाखेच्या चुड्यांचं काम. शेगडीवर लाख तापली, की धूप आणि गूळ एकत्र जळल्यासारखा गोडसर वास घरभर पसरायचा. तो आमच्या कपड्यांना असायचा, भाताला असायचा. शाळेत मुली माझ्या दप्तराचा वास घ्यायच्या. अब्बा तापलेली लाख लाकडी दांड्यावर वळायचे, पितळी पट्टीनं चेपायचे, चिमट्यानं एकेक काच बसवायचे. जुना चुडा तडकून आला, की पट्टी गरम करून तडीवर फिरवायची. लाख ओली झाल्यासारखी होते, तड आपोआप मिटते. नवव्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं. "कमरू के हात में सफाई है," असं अब्बा गिऱ्हाइकाला सांगायचे. नावाची कमरुन्निसा, घरात कमरू. पुढं मी मराठी शाळेत शिकले, लातूरला लग्न होऊन आले, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. माझं मराठी ऐकून नवे शिक्षक दचकायचे आणि मग कौतुक करायचे. त्या दचकण्याची मला चटक लागली होती. मला येतं, मला सगळं नीट येतं, हे लोकांना दाखवायला मी कारणं शोधत असे. हे आता कळतं. तेव्हा मी त्याला हौस म्हणत होते.

भूकंप झाला ती गणपती विसर्जनाची रात्र. तिच्याबद्दल मी काही सांगणार नाही. ज्यांनी ती किल्लारीकडं काढली त्यांनी सांगावं. लातुरात आमची भांडी वाजली आणि एक भिंत तडकली, एवढंच. पण पुढचा महिनाभर आमची शाळा शाळा नव्हती. वर्गावर्गात कपड्यांचे ढीग, कुठून कुठून आलेली औषधांची खोकी, पीठ, चादरी. मी रोज तिथं जाऊन कपडे वेगळे करत असे. परदेशांतून डॉक्टर आले होते. त्यांतले जपानहून आलेले एक म्हातारे डॉक्टर आमच्या शाळेतच उतरले होते. त्यांचं आडनाव मोरिया. ज्या रात्री लोकांनी मोरया म्हणत गणपती बुडवला त्याच रात्री घरं पडलेली, त्यामुळे ते नाव घेताना माणसं अडखळायची. मुलं मात्र बिनदिक्कत "मोरया डॉक्टर" म्हणून त्यांच्या मागं धावायची. आमच्या शाळेतले इंग्रजीचे किशनराव त्यांचे दुभाषे होते.

त्या डॉक्टरांच्या कमरेला ती डबी असे. चार बोटं लांब, तीन बोटं रुंद, काजळासारखी काळी. एक डबी नव्हेच. एकावर एक अगदी घट्ट बसणारे चार कप्पे, इतके घट्ट की सांधा बोटाला लागत नसे. दोन्ही कडांतून रेशमी दोरी वर गेलेली, दोरीत एक मणी आणि टोकाला लाकडात कोरलेली गोगलगाय. त्यांच्या आजोबांची ती. आजोबाही वैद्य होते. त्यांच्या काळच्या कपड्यांना खिसे नसत, म्हणून औषधं अशा डबीत घालून दोरी कमरपट्ट्याखालून वर काढायची, गोगलगाय वर अडकते, डबी खाली लोंबते. इनरो म्हणतात तिला, असं ते म्हणाले. किशनरावांनी आम्हाला सांगितलं, "कनवटीच म्हणा की. आपल्या बाया साडीच्या घडीत सुपारी-तंबाखू खोचतात, तसं ह्यांच्यात गडीमाणसं औषध खोचत होती." सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांना आवडलं असावं. ते डबीत आता मुलांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या ठेवत. काळ्या पाठीवर सोन्याची गवताची पाती होती, वाऱ्यानं एकीकडं झुकलेली, आणि पात्यांमागं शिंपल्याचा अर्धा चंद्र. गवत थेट आपल्या माळावरचं, दिवाळीनंतर पिवळं पडतं तसं. मी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा बोट फिरवून म्हटलं, लाख आहे. उत्तम लाख. कुणी विचारलं नव्हतं.

पंचफुला याच दिवसांत आमच्या घरी आली. किल्लारीजवळच्या एका गावची. वय पंचविशीचं. दोन मुलगे गेले होते. सहा वर्षांची मुलगी त्या रात्री आजोळी होती म्हणून वाचली. नवऱ्याचा पाय चिरडला होता आणि तो लातूरच्या दवाखान्यात पडून होता. तिला राहायला जागा नव्हती, म्हणून मीच तिला म्हटलं, मुलीला घेऊन आमच्या मागच्या खोलीत राहा. माझे शौहर, जिलानी, गोलाईजवळच्या बांगड्यांच्या दुकानातून येताना तिच्या मुलीसाठी रोज काही आणायचे, कधी रिबन, कधी बिस्कीट. पंचफुला बोलत नसे. न सांगता कामाला लागे. भांडी घासून झाली, की तीच भांडी परत घासायला घेई. मी शाळेत सांगत असे, आमच्याकडं किल्लारीची एक बाई आहे. हे मी किती वेळा सांगितलं असेल.

एक दिवस धक्का बसला, तेव्हा पुन्हापुन्हा बसायचेच, आणि डॉक्टरांची डबी टेबलावरून पडली. दोरी तुटली, एका कप्प्याची कड उडाली. डॉक्टरांनी उडालेला तुकडा कागदात गुंडाळला आणि डबी तशीच पेटीत ठेवायला निघाले. मी म्हटलं, "द्या माझ्याकडं. मी करून देते. माझे वडील हेच काम करायचे." किशनराव म्हणाले, "बाई, ऱ्हाऊ द्या हो. परदेशी वस्तू हाय. नसती जबाबदारी." मी म्हटलं, "किशनराव, तुम्ही भाषांतर करा. मी लाख बघते." आजूबाजूचे हसले. किशनरावांचे कान लाल झाले. डॉक्टरांनी डबी दोन्ही हातांत धरून माझ्या दोन्ही हातांत दिली. दोन दिवसांनी ते मुंबईला निघणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेगडी पेटवली. जिलानी दुकानात होते. अब्बांच्या हत्यारांची पेटी माझ्या लग्नात माझ्याबरोबर आली होती. तीतली पितळी पट्टी काढली, दुकानातून काळ्या लाखेची कांडी आणून ठेवली होती. पट्टी तापवली, गालाजवळ नेऊन ऊब पाहिली, अब्बा बघायचे तशी. आणि उडालेल्या कडेवर टेकवली. लाख असती तर ओली झाली असती. ही ओली झाली नाही. ती पांढरी पडली. एक फोड आला, मग शेजारी दुसरा. मला वाटलं, ऊब कमी पडली. मी पट्टी पुन्हा तापवली. हे मला अजून हातांनी आठवतं, डोक्यानं नाही. पट्टी फिरली आणि सोन्याचं गवत भाजलेल्या कातडीसारखं सुटून वर वळलं. वास लाखेचा नव्हता. कडवट, झणझणीत, केस जळल्यासारखा. मी बोटानं पाती खाली दाबली आणि ती बोटाला चिकटून आली. पुढं फार वर्षांनी मला कळलं की ती लाख नव्हतीच. ती एका झाडाचा चीक असते, थरावर थर देऊन वर्षभर वाळवतात. एकदा वाळली की ती पुन्हा मऊ होत नाही, जळते. पण तेव्हा मी तिथं बसून होते, आणि माझ्या हाताच्या सफाईनं मला पहिल्यांदाच दगा दिला होता. दारात पंचफुला येऊन उभी राहिली. "बाई, काय जळालं?" मी पदर डबीवर टाकला. म्हटलं, "काही नाही. दूध उतू गेलं." ती बराच वेळ उभी राहिली. मग गेली.

डॉक्टर निघायच्या दिवशी सकाळी किशनराव त्यांना घेऊन घरी आले. मी ठरवलं होतं की सांगायचं. वाक्य तयार केलं होतं, इंग्रजीतही तयार केलं होतं. पण किशनराव चपला काढता काढता म्हणाले, "काय बाई, झाली का लाख?" आणि हसले. त्यांच्या हसण्यानं माझं वाक्य गेलं. मी म्हटलं, "अहो, सापडतच नाही. काल संध्याकाळपर्यंत त्या फळीवर होती." माझे डोळे फळीकडं गेले आणि फळीवरून खाली आले. खाली पंचफुला बसून तांदूळ निवडत होती. मी तिचं नाव घेतलं नाही. पुढं तीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. मी फक्त तिच्याकडं पाहिलं, आणि मग पटकन पाहायचं थांबवलं. त्या पटकन थांबवण्यात सगळं आलं. किशनरावांनी ते पाहिलं. "हिला विचारलं का?" मी म्हटलं, "जाऊ द्या हो. बिचारीचं सगळं गेलंय." हे वाक्य मी दयेनं बोलले. आवाजात दयाच होती. त्यापेक्षा वाईट वाक्य मी आयुष्यात बोलले नाही.

किशनराव म्हणाले, "ऊठ गं बाई. जरा कनवटी सोड बघू." पंचफुला उठली. तिच्या मांडीवरचे तांदूळ सांडले. तिनं पदर झटकला. कमरेची घडी सोडली आणि तिच्यातून एक पेपरमिंटची गोळी फरशीवर पडली, घरंगळत डॉक्टरांच्या पायाशी गेली. डॉक्टरांनीच ती तिला दिली असणार, त्याच डबीतून, आणि तिनं मुलीसाठी राखून ठेवली होती. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, पण काय चाललंय ते त्यांना कळलं. ते खाली वाकले, गोळी उचलली, पुसली, दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली आणि कमरेतून इतके खाली वाकले की त्यांचा पांढरा भांग दिसला. किशनरावांना ते काही म्हणाले. किशनरावांनी सांगितलं, "म्हणतात, साधी डबी होती. तिच्यापायी ह्या बाईंना त्रास झाला, माफी असावी." पंचफुलानं गोळी घेतली नाही. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. परीक्षेत प्रश्नच कळला नाही अशी मुलगी बाईंकडं बघते, तशी.

ती त्यानंतर आठ दिवस राहिली. दवाखान्यात जायला निघाली की दारात थांबून पदर झटकायची, कनवटी सोडून दाखवायची. "बघून घ्या बाई." पहिल्या दिवशी मी म्हटलं, नको गं असं करू. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. तिसऱ्या दिवसापासून मी ती निघायच्या वेळी मोरीत जायला लागले. मग तिच्या नवऱ्याला सोडलं आणि ते गावी, पत्र्याच्या शेडात राहायला गेले. मी तिला माझी एक साडी दिली. निळी, जवळजवळ नवी.

डबी अब्बांच्या हत्यारांखाली राहिली. चार वर्षांनी जिलानींच्या हाती लागली. ते ती उघडून, फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "कमरू, ये लाख नई थी." थोड्या वेळानं म्हणाले, "वो छोकरी कू जाके बोल दे." मी हो म्हटलं. एकदा गेलेही. नव्या किल्लारीत जीपमधून उतरले, सगळीकडं एकसारख्या घरांच्या ओळी, तिथून तिचं गाव चार-पाच कोस. फाट्यावर चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, "कुठं जायचंय मावशी?" मी म्हटलं, लातूरला. त्याच जीपनं परत आले. जिलानींनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली. न विचारणं हे त्यांचं मोठेपण होतं की त्यांनी माझी आशा सोडली होती, हे मला माहीत नाही. हे मी फक्त दुपारी, सगळ्या मुली क्लासला गेलेल्या असतात आणि वरून पंख्यांचाही आवाज येत नाही, तेव्हा स्वतःला विचारते.

दीपमाला गेली त्या शनिवारी मी पहिल्यांदा असा विचार केला की ती मुलगी डॉक्टर होईल. होणारच, पोरगी चांगली आहे, पहाटे उठून मोठ्यानं वाचते. मग एखाद्या दवाखान्यातली पाळी संपल्यावर ती दारात उभी राहून पांढऱ्या कोटाचे खिसे बाहेर काढील. लोक हसतील, आणि एखादी लुबना म्हणेल की नजर ठेवा हिच्यावर. आणि ते माझं असेल. मी केलेली वस्तू, माझ्या हातची, तिसऱ्या पिढीपर्यंत न तडकता गेलेली. रविवारी मी तिला फोन लावला. म्हटलं, "येताना आजीला घेऊन ये. कमरुन्निसा टीचरनं बोलावलंय म्हण." पलीकडं ती दुसऱ्या फोनवर आजीला हे सांगत होती. मग मला म्हणाली, "आज्जी किल्लारीहून परस्पर येती म्हणली. उद्या."

सोमवारी दहाच्या सुमारास दोघी स्टँडवर भेटून बरोबरच आल्या. दीपमालाचा क्लास त्या दिवशी दुपारचा होता. पंचफुला फाटकातच थांबली. केस पांढरे, चष्मा, हातात कापडी पिशवी. घराकडं न बघता तिनं स्कूटींकडं बघितलं. "बाई, लिंब कुठं गेला?" मी म्हटलं, "तोडला गं. गाड्यांना जागा नव्हती." "हाव का," ती म्हणाली. मग वर आली आणि मला नीट बघून म्हणाली, "लई थकल्या की तुमी." मी म्हटलं, "तू काय तरणी राहिलीस?" ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "जवसाची चटणी आणली. पोरीला बी अन तुमाला बी. ह्या पोरीनं आदी तुमचं नावच सांगितलं न्हाई. दादी, दादी करून राहिली. म्हणलं आसंल कोन दादी." दीपमाला म्हणाली, "तुमी ओळखता व्हय एकमेकींना?" लुबनानं चहा आणला. पंचफुला खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठायला सोपं जावं तशी. मला हेही दिसत होतं की ती आज माझ्यावर रागावू शकत नाही. नातीची खाट वर आहे, क्लास दोन गल्ल्यांवर आहे. मी माझं ओझं अशा वेळी उतरवायला बसले होते, जेव्हा समोरचीला ते घ्यावंच लागेल. तरीही मी पेटी आणली. तरीही हत्यारं बाजूला केली आणि डबी तिच्या पुढ्यात, चहाच्या बशीशेजारी ठेवली.

म्हटलं, "पंचफुला, ही मी जाळली होती. दुरुस्त करायला गेले आणि जाळली. तू घेतली नव्हतीस. मला तेव्हाच माहीत होतं."

तिनं चष्मा वर केला. डबी उचलली, वरचा कप्पा उघडला, मिटला. पांढऱ्या पडलेल्या कडेवर अंगठा फिरवला. सोन्याची तीनच पाती धड राहिली होती आणि अर्धा चंद्र. मग तिनं ती नाकाशी नेली.

"दूध म्हणला हुता तुमी," ती म्हणाली.

"हो."

"दूध उतू गेलं म्हणला."

"हो."

लुबना ट्रे हातात घेऊन उभीच होती. मी वाट बघत होते की पंचफुला काहीतरी म्हणेल, शिवी देईल, आणि मला ते सोपं जाईल. ती म्हणाली, "मला वाटलं म्याच घेतली."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "काय?"

"तवा माजं मला कळत न्हवतं बाई. भात चुलीवर ठिवायचा अन इसरायचा. पोरगी कडंवर आसताना पोरगी हुडकायची. तुमी तसं बघितलं, अन म्या म्हणलं, आसंल. घेतली आसंल म्या. तुमी शिकलेल्या. तुमी कशाला खोटं बघताल." ती सावकाश बोलत होती, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "मंग हुडकली. तुमच्या लिंबाखाली उकरलं, तुमी शाळंत गेल्या की. कुठं पुरून ठिवली आसंल म्हणलं. शेडात गेलो तर शेडात उकरलं. मालक म्हणायचे, काय उकरून राहिली? म्हणलं, उंदीर हाय. हातानंच उकरायची. हाताला सवय झालती तवा."

दीपमाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. तिथून म्हणाली, "आज्जी, मग ते झटकून दाखवायचं?"

"ते बाईला दाखवायला न्हवतं. माजं मला बघायला हुतं. निघताना काय आलं का संगं म्हणून."

"मग मला कशाला शिकवलंस?"

पंचफुलानं नातीकडं बघितलं. "माजंच रगत हाय की तुझ्यात. म्हणलं, खोड आसंल तर लेकराला आदीच सवय आसावी."

लुबना आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि सुरूच राहिला. मी काही बोलायला हवं होतं. चुकलं, एवढा शब्द तरी. आयुष्यभर मुलींना शब्द शिकवले. माझा हात पुढं गेला तो चहाच्या कपाकडं गेला, आणि कप थंड होता. तिनंच विचारलं, "त्यो डाक्टर?" मी म्हटलं, म्हातारे होते तेव्हाच, आता नसतील. "तुमी कळवलं न्हाई त्याला?" मी म्हटलं, नाही. तिनं मान हलवली. एवढाच काय तो दोष तिनं मला दिला, आणि तोही त्यांच्या वतीनं.

मग ती निघाली. निळ्या साडीचा विषय निघाला नाही. माफीचाही नाही. "पोरीचं बघा," ती म्हणाली, "रातचं जेवत न्हाई नीट." दारात येऊन थांबली. तिचा हात आपोआप कमरेशी गेला, घडी सैल केली, आणि मी तेव्हाच्या सवयीनं मोरीकडं वळले. मग स्वतःला थांबवलं आणि वळून बघितलं. तिच्या दुसऱ्या हातात डबी होती. मी ती दिली नव्हती आणि तिनं मागितली नव्हती. दोरीचं कुजलेलं टोक तिनं दातानं तोडलं, डबी घडीत बसवली, घडी दोनदा पिळली आणि कमरेला घट्ट खोचली. गोगलगाय तेवढी वर राहिली. बघून घ्या, असं ती म्हणाली नाही.

पायऱ्या उतरून ती स्कूटींच्या मधून गेली. लिंब होता तिथं थांबली, पायाच्या अंगठ्यानं फरशी दोनदा घासली. मग फाटक उघडलं.